अर्ध्या वॅटचा दिवा

“आई, आज तिसरा चहा झाला ना?”

सौमित्रनं पुण्याहून फोन करून हे विचारलं तेव्हा माझ्या हातात तिसऱ्याच चहाचा कप होता. मी कप खाली ठेवला आणि आधी खिडकीबाहेर बघितलं. कुणी नव्हतं.

“तुला रे कुणी सांगितलं?”

“अंदाज,” असं म्हणून तो हसला. “शुगर वाढलीय तुझी. सांभाळ जरा.”

अंदाज म्हणे! बत्तीस वर्षं मी नववी-दहावीला विज्ञान शिकवलंय. मागच्या बाकावरचा कोण स्वतःच्या डोक्यानं लिहितोय आणि कोण पुढच्याच्या पेपरात बघून, हे मला नुसत्या मानेवरून कळायचं. कराडात अजूनही रेठरेकर बाई म्हटलं की बापे झालेली पोरं हातातली सिगारेट लपवतात. आणि माझ्याच पोटचा पोर मला अंदाज सांगतो! मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथंच.

मग मी लक्ष ठेवायला लागले. मंगळवारी त्यानं विचारलं, “काल दुपारी घरात नव्हतीस का?” नव्हते. मंगलबरोबर संगमावर भेळ खायला गेले होते. शुक्रवारी म्हणाला, “रात्री टीव्ही बघत बसतेस, मग सकाळी डोकं दुखतं म्हणतेस.” हेही खरं होतं. चहा, भेळ, टीव्ही. ही तिन्ही गुपितं माहीत असणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते कंपाउंडच्या भिंतीपलीकडं राहत होतं.

मंगल थोरवडे. एस. टी.त कंडक्टर होती. भरलेल्या गाडीत “पुढं सरका, पुढं सरका, मागं काय सोनं ठेवलंय का?” असं ओरडून ओरडून तिचा आवाज जो फाटला तो फाटलाच. लेक पल्लवी दोन वर्षांची असताना नवरा हिला टाकून गेला. हिनं रडत बसायच्या ऐवजी तिकिटाची पेटी गळ्यात अडकवली आणि पोरीला शिकवून इचलकरंजीला दिली. आमच्या दोघींच्या घरांमध्ये छातीएवढी भिंत आहे. त्या भिंतीवरून वाट्या जायच्या-यायच्या. माझी आमटी तिकडं, तिची चटणी इकडं. भरून आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, हा आमचा नेम. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायचीच. हे गेले तेव्हा तेरा दिवस माझं घर तिनं ओढलं. माझ्या घराची एक किल्ली तिच्याकडं आणि तिच्या घराची माझ्याकडं असायची. खरं सांगते, हे गेल्यावर मला जगात आपलं म्हणावं असं माणूस तेवढंच उरलं होतं. पोरगा आहे, पण तो फोनमध्ये आहे.

फक्त एक होतं. मंगलच्या तोंडात तीळ भिजत नाही. गल्लीत कुणाकडं काय शिजलं ते हिच्याकडून कळायचं. म्हणजे आमच्याकडं काय शिजलं तेही हिच्याकडूनच कळत असणार, हा हिशोब मी मनात मांडून टाकला.

आता जरा त्या यंत्राचं सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

ग्रिडची वीज आता पाळीनं येते, दिवसाचे पाच-सहा तास. बाकीचा सगळा कारभार छपरावरच्या पॅनेलवर आणि जिन्याखालच्या बॅटरीवर चालतो. गॅस सिलिंडर बंद झाल्यापासून चहासुद्धा इंडक्शनच्या शेगडीवर. बॅटरीतली वीज एकाच दिशेनं वाहते. पंख्याला, फ्रिजला लागते ती सेकंदाला पन्नास हेलकावे घेणारी. हे हेलकावे द्यायचं काम इन्व्हर्टरचं. गोम अशी, की घरात एक बटण चालू नसलं तरी तो हेलकावे देतच बसतो. आतलं ट्रान्सफॉर्मरचं लोखंड कोमट होत राहतं, सर्किट जागं राहतं, आणि वीस-पंचवीस वॅट असे बसल्या जागी खाऊन टाकतो. दिवसाला साधारण अर्धं युनिट. ढगाळ दिवसांत बॅटरी अर्धीच भरते तेव्हा तेवढं अर्धं युनिटसुद्धा अंगावर येतं. मी वर्गात म्हणायचे तसं, नुसतं उभं राहायला जो एवढं खातो, तो पळेल कधी?

यावर आधी एक उपाय निघाला. काम नसलं की इन्व्हर्टरनं झोपायचं. मात्र दर सेकंदाला अर्धा डोळा उघडून तारेत विजेचा एक बारीकसा ठोका सोडायचा आणि बघायचं, कुणी वीज मागतंय का? पंधरा-वीस वॅटच्या वर मागणी दिसली तर खडबडून जागं व्हायचं. त्याच्या खाली असेल तर दुर्लक्ष करायचं. कागदावर झकास.

पण हे यंत्र काढणाऱ्यांनी आपल्या लोकांच्या देवघरात डोकावलं नव्हतं. घरोघरी तेलाचा नंदादीप जाऊन आता विजेचा आलाय. इवलासा, अर्ध्या वॅटचा. तो रात्रंदिवस तेवत ठेवायचा. आता अर्धा वॅट या यंत्राच्या खिजगणतीत नाही. यंत्र आपलं झोपून राहणार, आणि दर सेकंदाला ठोका सोडला की तेवढ्यापुरता दिवा लुक करून विझणार. लुक, लुक, लुक. देवापुढचा दिवा असा मिचकावायला लागल्यावर बायका गप्प बसतात होय? साताऱ्यापासून सांगलीपर्यंत लोकांनी यंत्रं काढून परत दिली. कुणाच्या घरी आजारपण आलं, कुणाचं लग्न मोडलं, सगळं त्या मिचकावणाऱ्या दिव्यावर गेलं.

सौमित्र ज्या कंपनीत आहे तिनं यातून वाट काढली. कंपनीत एकच मराठी इंजिनियर होता ज्याच्या आईनं त्याला फोनवर फैलावर घेतलं होतं, तो हाच. त्यांनी यंत्रात दोन इन्व्हर्टर बसवले, एक थोरला आणि एक धाकटा. थोरला झोपतो. धाकटा नखाएवढा, तो जागा राहून दिव्यासारखी बारकी कामं सांभाळतो. सगळं मिळून स्टँडबायचं खाणं एका वॅटच्याही खाली. पण कुणाला कधी उठवायचं हे कळायला यंत्राला दारात कोण आलंय ते ओळखावं लागतं. तर ते चालीवरून ओळखतं. प्रत्येक वस्तू वीज ओढताना आपापल्या पद्धतीनं ओढते. फ्रिज एकदम हिसका मारतो, पंखा हळूहळू वेग घेतो, चार्जर घोटघोट पितो. यंत्र या चाली कंपनीकडं पाठवतं आणि तिकडून वस्तूचं नाव येतं. यंत्राला नाव दिलं ‘जागल्या’. पूर्वी गावात रात्रीची राखण करायला असायचा तो.

सौमित्रनं स्वतः येऊन आमच्या अख्ख्या गल्लीत जागल्या बसवला. मंगलनं त्याच्यासाठी पुरणपोळ्या केल्या. “पोरानं देवाचा दिवा ठेवला बाई,” म्हणाली. माझाही ऊर भरून आला होता, खोटं कशाला बोलू.

तर, मंगलची परीक्षा घ्यायची मी ठरवलं. शास्त्रीय पद्धतीनं. मंगलला एक खोटी बातमी द्यायची, जी दुसऱ्या कुणालाही माहीत नाही. ती पुण्यात पोचली की चोर सापडला.

रविवारी सकाळी मी भिंतीलगतच्या जास्वंदीची फुलं काढत होते. पलीकडं मंगल कपडे वाळत घालत होती.

“मंगल, उद्यापासून सोमवार धरतेय गं,” मी म्हणाले. “चूल बंद. नुसतं दूध आणि फळ.”

“शुगरचा माणूस आणि उपास?” तिनं चादर झटकली. “डॉक्टर ओरडेल.”

“म्हणून तर सांगते, कुणाला बोलू नको. सौमित्रला तर मुळीच नको. उगाच घोर लागेल त्याला.”

“मी कशाला बोलतेय?” मंगल म्हणाली.

बेत असा होता की सोमवारी गुपचूप भाकरी-भाजी करून खायची. पण सोमवारी सकाळी देवघरापुढं बसले आणि हात थबकला. कालच्या फुलांची परडी समोर होती. ती हातात धरून मी उपासाचं नाव घेतलं होतं. देवाच्या फुलांना हात लावून बोललेला उपास आता मोडू कशी? विज्ञान शिकवलं बत्तीस वर्षं, पण माझी काही छाती झाली नाही. मुकाट्यानं गार दूध प्यायले, दोन केळी खाल्ली आणि शेगडीला हात लावला नाही.

संध्याकाळी फोन आला.

“आई, आज स्वयंपाक केलाच नाहीस का? उपासबिपास धरलास की काय? शुगर एकदम खाली गेली तर काय करशील?”

झालं! तळपायाची आग मस्तकात गेली. फोन आपटला आणि तशीच भिंतीपाशी गेले. मंगल तुळशीला पाणी घालत होती.

“किती दिवस चाललंय हे?”

“काय गं?”

“माझ्या पोराला खबरा पुरवायचं. तिसरा चहा प्यायले सांग, भेळ खाल्ली सांग, उपास धरला सांग. तुला बजावलं होतं ना बोलू नको म्हणून?”

“अगं, मी कधी...? देवाशपथ, माझं बोलणंच नाही झालं त्याच्याशी. दिवाळीनंतर एकदाही नाही.”

“मग काय त्याला स्वप्न पडलं? तुझ्याशिवाय कुणाला माहीत होतं?”

“ते मला काय ठाऊक? मी नाही सांगितलं.”

तिनं एकदा कबूल केलं असतं तर मी तिथंच थांबले असते, असं मला तेव्हा वाटत होतं. पण ती नाहीच म्हणत राहिली, आणि पकडलेली कॉपी हातात असताना पोरगं नाही म्हणतं तेव्हा माझं टाळकं जसं फिरायचं तसं फिरलं. मी बोलू नये ते बोलले.

“नवऱ्यानं टाकलेल्या बाईला दुसऱ्याच्या संसारात डोकवायची सवय लागतेच.”

मंगलच्या हातातला तांब्या तसाच राहिला. एस. टी.त दारुड्यांना कॉलर धरून उतरवणारी बाई, तिनं तांब्या हळूच तुळशीपाशी ठेवला. मग म्हणाली, “झालं बोलून?” आणि आत गेली. बाहेर आली ती माझ्या घराची किल्ली आणि माझी स्टीलची वाटी घेऊन. परवा आमटी दिली होती ती. दोन्ही भिंतीवर ठेवल्या आणि दार लावून घेतलं.

वाटी रिकामी होती. स्वच्छ घासलेली, पुसलेली आणि रिकामी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी पल्लवी येऊन आईला इचलकरंजीला घेऊन गेली. ती कधीपासून मागं लागली होतीच, इथं एकटी कशाला राहतेस म्हणून. मंगल दर वेळी म्हणायची, “एकटी कुठं? बाई आहे की भिंतीला.” आठवड्याभरात फाटकावर बोर्ड लागला, ‘घर विकणे आहे’. मी तो बोर्ड वाचला आणि स्वतःला सांगितलं, बरं झालं, ब्याद गेली. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आणि फोन चालूच राहिले.

“आई, दुपारी झोपली नाहीस वाटतं.” “आई, गिझर राहिला होता का गं चालू?” “चटणी केलीस? छान.”

चटणी! मिक्सर फिरवून अर्धा तास झाला नव्हता. मंगल इचलकरंजीला. घरात मी एकटी. मी खुर्चीत बसले आणि पहिल्यांदा नीट विचार केला. मी घेतलेली परीक्षा वर्गातल्या पोरानं लिहून दाखवली असती तर मी तिच्यावर लाल रेघ मारली असती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगाचा पहिला नियम. मी दोन बदलल्या होत्या. मंगलला उपास सांगितला, आणि उपास केलाही. मग सौमित्रला कळलं ते माझ्या बोलण्यामुळं की शेगडी न पेटल्यामुळं?

मी जिन्याखाली जाऊन जागल्याकडं बघितलं. त्याचा हिरवा ठिपका शांत होता. पण नुसत्या संशयावर एकदा हात भाजले होते. आता प्रयोग नीट करायचा होता.

ह्यांचं कपाट उघडलं. खालच्या खणात त्यांचं दाढीचं इलेक्ट्रिक यंत्र होतं, ह्यांच्या हातचा वास अजून त्याला होता. ते गेल्यापासून कुणी चालवलं नव्हतं आणि जागल्या तर त्यानंतर आला. तेव्हा ही चाल त्याला नवी. कुणाला सांगितलं नाही. तोंडातून चकार शब्द काढला नाही. दुपारी यंत्र भिंतीच्या प्लगला लावलं आणि चालू करून टेबलावर ठेवून दिलं. ते आपलं गुरगुरत राहिलं. मी समोर बसून त्याच्याकडं बघत बसले.

फोन लवकरच आला.

“आई... बरी आहेस ना?”

“मला काय धाड भरलीय?”

“नाही, म्हणजे... घरात कुणी आलंय का?”

“कोण येणार?”

“तसं नाही गं. कुणी... पुरुष माणूस?”

हे ऐकून मला हसावं का रडावं कळेना. एकसष्ट वर्षांच्या आईच्या घरात कोण पुरुष आलाय, हे पोरगा पुण्यात बसून विचारतोय!

“आलेत ना,” मी म्हणाले. “तुझे बाबा आलेत. दाढी करून बसलेत, चहाची वाट बघतायत. देऊ का फोन?”

पलीकडून “आई...” एवढंच.

“कुणी सांगितलं तुला, सौमित्र? अंदाज?”

मग त्यानं सगळं ओकलं. कंपनीकडं येणाऱ्या चाली बघायची त्याला मुभा होती. कामाचाच भाग होता तो. आधी त्यानं फक्त दिवा मिचकावत नाही ना तेवढंच बघितलं. मग दिसायला लागलं की शेगडी पेटली, पंखा लागला, टीव्ही बंद झाला. “मला बरं वाटायचं आई. सकाळी शेगडी पेटली की कळायचं, तू उठलीस. बाबा गेले त्या दिवशी तू घरात नव्हतीस, दुपारपर्यंत कुणाला कळलं नव्हतं. मला ते विसरता येत नाही.”

हे ऐकून माझा राग जागच्या जागी अर्धा झाला, पण अर्धा राहिलाच. “काळजी वाटते तर विचारायचं. चोरून बघायचं नाही. तुझ्या काळजीपायी मी मंगलला काय बोलले माहितीय?”

सांगितलं त्याला.

“माझं बघणं बंद कर,” मी म्हणाले.

“बंद केलं तर ओळखही बंद होईल, आई. मग देवाचा दिवा मिचकावणार.”

“मिचकावू दे. मी तेलाचा लावते.”

त्याच दिवशी मी जागल्याची कंपनीशी जोडलेली तार काढून टाकली आणि माळ्यावरचा पितळी दिवा खाली काढला. फार मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं. पण फोन ठेवायच्या आधी मी एक विचारलं होतं. ते सांगायला लाज वाटते, तरी सांगते.

“मंगलचंही दिसतं का रे?”

“गल्लीतले सगळेच माझ्याकडं आहेत.”

“काय दिसतंय?”

“घर झोपलंय. नंदादीप पण बंद आहे.”

स्वतःच्या दाराला कडी घातली आणि तिच्या दाराच्या फटीला डोळा लावला, असं झालं ते. दुसऱ्या दिवशी मीच फोन केला, “बघ रे जरा.” तिसऱ्या दिवशीही. सकाळचा तो माझा नेमच झाला. सौमित्रला वाटायचं आईचा राग गेला, पोरगा आनंदानं बघून सांगायचा. झोपलंय. झोपलंय. आजही झोपलंय. मंगलला फोन लावायचं धाडस मात्र होत नव्हतं. ती आवाज ऐकून फोन ठेवेल ही भीती होती. यंत्राला विचारणं सोपं. यंत्र काही उलट बोलत नाही.

एक दिवस दुपारी त्याचाच फोन आला. “आई, मंगलमावशीच्या घरात दिवा लागलाय. पंखापण. घरी आल्यात त्या.”

मी धडपडत शेंगदाण्याची चटणी केली. जळली थोडी, पण दुसरी करायला धीर नव्हता. त्याच स्टीलच्या वाटीत भरली आणि निघाले. पुढच्या फाटकाला कुलूप तसंच होतं आणि बोर्डही तसाच. मी मागच्या बोळातून गेले. मागचं दार लोटलेलं होतं. ठोठावलं. उत्तर नाही.

“मंगल, मला माहीत आहे तू आत आहेस.”

दार उघडलं. मंगल वाळली होती. मागं खोलीत खोकी बांधून ठेवलेली, भांडी वर्तमानपत्रात गुंडाळलेली. सामान न्यायला आली होती तर.

“मागच्या दारानं आले, कुणाला दिसू नये म्हणून,” ती म्हणाली. “खिडकीसुद्धा उघडली नाही. तुला कसं कळलं?”

तोंडाशी उत्तर आलं होतं. पंख्याचा आवाज आला म्हणायचं. चटकन पटलंही असतं. पण एका खोट्या उपासानं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

“जागल्यानं सांगितलं,” मी म्हणाले. “म्हणजे सौमित्रनं. त्याला सगळं दिसतं. माझे चहा, माझा उपास, सगळं त्यानं त्यातूनच बघितलं. तू काही सांगितलं नव्हतंस. मी तुला उगाच... मंगल, मी फार वाईट बोलले गं.”

मंगलनं जिन्याखाली लुकलुकणाऱ्या हिरव्या ठिपक्याकडं बघितलं, मग देवघरातल्या दिव्याकडं. मग मीटरपाशी गेली आणि मेन स्विच खाली ओढला. पंखा घरघरत थांबला. देवापुढचा दिवा गेला.

“हे काय?” मी म्हणाले.

“बस,” खोक्याकडं हात करून ती म्हणाली. “तू मला बघितलंस. आता मी तुला बघते.”

बसले. उकडत होतं. तिनं काडी ओढून समईतली एक वात लावली आणि माझ्यासमोर मांडी घातली. वाटी आमच्या मध्ये होती. तिनं तिला हात लावला नव्हता.

माझा फोन वाजला.

“स्पीकरवर टाक,” मंगल म्हणाली.

“आई,” सौमित्र म्हणाला, “मंगलमावशी परत गेल्या वाटतं. सगळं एकदम बंद झालं. भेटल्या का तुला? काय म्हणाल्या?”

मंगल माझ्याकडं बघत होती. बिनतिकिटाचा माणूस खिसे चाचपतो तेव्हा कंडक्टर बघतो तसं.

“सौमित्र, मंगलचं घर तुझ्या त्या यंत्रातून काढून टाक. आत्ताच्या आत्ता.”

“बरं... पण आई, तूच तर रोज सकाळी विचारतेस ना, आल्या का म्हणून?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे मी तिला सांगितलं नव्हतं. फोन बंद करून टाकावा असं वाटलं, पण आता काय उपयोग?

“हो, मीच विचारत होते. आता नाही विचारणार. आणि तूही बघायचं नाहीस. ती आहे का नाही, तिला वाटलं तर ती सांगेल.”

फोन ठेवला. समईची वात सरळ जळत होती.

“रोज?” मंगलनं विचारलं.

“रोज.”

“कशासाठी?”

“तू परत येशील म्हणून. मला करमत नाही गं तुझ्याशिवाय. भिंतीकडं बघवत नाही.”

“मग मला फोन करायचास.”

“तू उचलला नसतास.”

“नसताच उचलला,” मंगल म्हणाली. “पण वाजला असता की.”

डोळ्यांतून पाणी आलं ते मी पदरानं पुसलं नाही, येऊ दिलं. मंगल उठली. वाटी उचलली, चटणीचा वास घेतला आणि “जाळलीस,” म्हणाली. आत गेली. आतून चटणी काढल्याचा, वाटी विसळल्याचा आवाज आला. मग डब्यांची झाकणं उघडल्याचा. एक उघडला, दुसरा उघडला, मग बराच वेळ काही नाही. मी बसल्या जागी कान देऊन ऐकत होते. बांधून ठेवलेल्या घरात काय असणार?

ती बाहेर आली आणि वाटी माझ्या हातात दिली.

“बोर्ड?” मी कसंबसं विचारलं.

“बोर्ड राहू दे सध्या. बघू.” तिनं दार उघडून धरलं. “माझा तुझ्यावर विश्वास नाही अजून.”

“नको ठेवूस,” मी म्हणाले.

बोळात उजेडात येऊन मी वाटीत बघितलं. तळाशी चार शेंगदाणे होते. डब्याच्या कोपऱ्यात राहिलेले असणार. तोंडात टाकले तर खवट निघाले. मी चारही चावून खाल्ले.